आधी दार, मग भाषा, मग रीत: बिदर-कलबुर्गीतून दिसणारा जुन्या-नव्या शिक्षणाचा वाद

पाठांतराची शाळा चांगली की कृतीची, गुरुजींनी सांगावे की मुलाने शोधावे, परीक्षा हवी की नको, हा वाद मराठीत शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. त्याचा इतिहास आपण सहसा पुणे, भावनगर, वर्धा, बोर्डी आणि कोल्हापूर या गावांच्या आधाराने सांगतो. एका बाजूला छडी आणि घोकंपट्टी, दुसऱ्या बाजूला गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक, लीलाताई पाटील, असे त्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. बिदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या सीमाजिल्ह्यांतून पाहिले की हे चित्र अपुरे पडते. इथे एकाच गावात मराठी, कानडी, दखनी आणि तांड्यावरची गोरमाटी बोलणारी मुले राहतात. राज्ये बदलली तशी शाळेची भाषाही बदलत गेली. या भागाच्या शाळांचा इतिहास तपासला तर एक गोष्ट वारंवार समोर येते. ज्यांनी इथल्या शिक्षणात मोठा पालट घडवला, त्यांनी शिकवण्याची रीत बहुतांशी जुनीच ठेवली. शाळा कोणासाठी आणि कोणत्या भाषेत, हे मात्र बदलून टाकले. पुढे ज्यांनी रीत बदलली, ते हे दोन प्रश्न सुटलेच आहेत असे धरून चालले. प्रवेश, भाषा आणि शिक्षक यांच्यापासून तोडलेला रीतीचा वाद निष्फळ ठरतो, आणि त्याची किंमत ज्याच्या घरी पुस्तक नाही ते मूल मोजते, हे या आढाव्याचे प्रतिपादन आहे.

जुन्या शिक्षणाबद्दल बोलताना त्याचे दोन थर वेगळे ठेवायला हवेत. वरच्या थराच्या खुणा या भागात ठळक आहेत. चित्तापूरजवळच्या नागावी इथल्या अकराव्या शतकातील शिलालेखात वेद शिकणाऱ्या दोनशे विद्यार्थ्यांची सोय, शास्त्रांचे अध्यापक आणि ग्रंथभांडार सांभाळणाऱ्या माणसांच्या नेमणुका नोंदवलेल्या आहेत. बिदरला बहमनी वजीर महमूद गावान याने १४७२ साली पुरा केलेला मदरसा तीन मजली होता. त्यात ग्रंथालय, अध्यापनाची दालने आणि राहण्याच्या खोल्या होत्या, आणि इराणकडून विद्वान तिथे येत. सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात त्याचा बराच भाग कोसळला, तरी उरलेला मिनार आणि निळ्या फरश्यांची नक्षी आजही त्या वैभवाची कल्पना देते. या दोन्ही संस्था आपापल्या काळातल्या उच्च शिक्षणाच्या उत्तम संस्था होत्या, आणि दोन्ही मोजक्यांसाठी होत्या. एकीची भाषा संस्कृत, दुसरीची अरबी-फारसी. गावातल्या कुणब्याच्या, कोष्ट्याच्या, ढोर-मांगाच्या मुलाचा त्यांच्याशी संबंध नव्हता. बाराव्या शतकात याच भागातल्या कल्याणला बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांनी नेमका हाच प्रश्न उपस्थित केला होता. ज्ञानाची चर्चा कानडीत, कारागिरांना आणि स्त्रियांना बरोबर घेऊन करता येते, हे त्यांनी दाखवले. ती शाळा नव्हती; पण या भूमीवर ज्ञानाच्या दाराचा आणि भाषेचा वाद रीतीच्या वादाहून आठशे वर्षांनी जुना आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

खालचा थर म्हणजे गावठी शाळा. मराठी वस्तीत पंतोजी, कानडी वस्तीत ऐगळू, मुसलमान मोहल्ल्यात मकतबातले मौलवी. पंतोजीच्या शाळेत काय चाले ते बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण 'निर्बुद्ध पाठांतर' हा शिक्का तिच्यावरच बसला. मूल आधी धुळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवी, मग कित्त्यावरून मोडीचे वळण बसवी. संध्याकाळी परवचा होई. एक मोठा मुलगा पुढे म्हणे आणि बाकीचे त्याच्या मागून म्हणत. त्यात साधे पाढे असत तसे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीही असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीन रुपये दराने सात माप तुरीचे किती, याचे साडेचोवीस हे उत्तर अडत्याच्या दुकानात उभ्या उभ्या तोंडावर येण्यासाठी ती पाठ करायची. म्हणजे या पाठांतराला जगण्यातला उपयोग होता आणि त्याचा क्रमही ठरलेला होता. मोठ्या मुलाने लहानांना शिकवण्याची हीच चाल मद्रासमध्ये पाहून अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस आपली पद्धत मांडली आणि ती इंग्लंडात सुधारलेली पद्धत म्हणून गाजली. तिथे जे नवे ठरले ते इथे जुने होते. तेव्हा जुनी आणि नवी ही विशेषणे रीतीच्या गुणदोषांबद्दल फारसे सांगत नाहीत. गावठी शाळेचा खरा दोष तिच्या उंबऱ्यावर होता. तिच्यात मुलगी नव्हती, अस्पृश्य मूल नव्हते, आणि कुणब्याचे मूल क्वचितच होते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन या दृष्टीने पुन्हा वाचायला हवे. त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हटले, शिक्षक शेतकरी जातींतून घ्या म्हटले, आणि अभ्यासक्रमात मोडी, हिशेब, शेतीची माहिती घाला म्हटले. पंतोजीच्या शाळेतले जे कामाचे होते ते त्यांनी टाकले नाही. ते सर्वांना मिळावे असा आग्रह धरला.

निजामी राजवटीत हा प्रश्न भाषेच्या रूपाने उभा राहिला. १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण भारतीय भाषेत देण्याचा हा देशातला पहिला मोठा प्रयोग होता. भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून वैद्यक, कायदा, विज्ञान यांची पुस्तके उर्दूत आणली गेली. देशभर त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण बिदर आणि गुलबर्ग्याच्या (आजच्या कलबुर्गीच्या) मराठी वा कानडी घरातल्या मुलाला ही भाषा इंग्रजीइतकीच परकी होती. प्राथमिकच्या पुढचे सरकारी शिक्षण उर्दूतून, आणि खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी, अशा कात्रीत बहुसंख्य प्रजा सापडली. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने पुरोगामी असलेले पाऊल ज्याच्या भाषेत पडत नाही त्याच्यासाठी अडसर होऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

या कात्रीतून वाट काढणाऱ्या संस्था या भागाच्या शैक्षणिक इतिहासाचा कणा आहेत. गुलबर्ग्यात १९०७ साली नूतन विद्यालय सुरू झाले आणि मराठी मुलांना आपल्या भाषेत शाळा मिळाली. सीमेला लागून असलेल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, तिथे १९२९ मध्ये मुख्याध्यापक होऊन आले; हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारा आणि १९५२ साली गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेलेला हा नेता मुळात शिक्षक होता. गुलबर्ग्याच्या शरणबसवेश्वर संस्थानाने १९३४ साली शिक्षण संस्था उभारली आणि मुलींच्या शाळेला हात घातला. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरु यांनी तीसच्या दशकात कानडी शाळेसाठी खस्ता खाल्ल्या. बाहेर उर्दूची पाटी आणि आत कानडीचे धडे, ही त्यांच्या शाळेची आठवण बिदर जिल्ह्यात अजून सांगितली जाते. या सगळ्यांच्या वर्गांत काय चालत होते? फळा, धडा, पाठांतर, कवायत, कडक शिस्त. राष्ट्रीय शाळेत गुरु-शिष्य एकत्र राहत, तो साचाही जुना. देवस्थान आणि मठ यांच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांत प्रार्थना आणि नेमधर्मही होते. तरीही या शाळांना परंपरावादी म्हणणे चुकीचे ठरेल. मुलगी वर्गात बसली, मातृभाषा पुस्तकात आली, आणि शिकणे म्हणजे राज्यकर्त्याची चाकरी नव्हे ही जाणीव पेरली गेली. नावीन्य होते ते हेतूत आणि प्रवेशात.

नेमक्या याच दशकांत महाराष्ट्रात आणि गुजरातेत रीतीची क्रांती होत होती. गिजुभाईंचे बालमंदिर १९२० चे, ताराबाई मोडकांचा नूतन बाल शिक्षण संघ १९२६ चा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमची कल्पना परिषदेपुढे ठेवली, आणि ज्यांचा जन्म हैदराबादचा त्या झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना तत्त्वतः थोर होती. पण शाळेने आपला खर्च मुलांच्या श्रमातून काढावा या भागावर अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी त्याच परिषदेत हरकत घेतली. जातीने ठरलेले काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांच्या मुलांना शाळेतही तेच काम मिळावे का, हा आक्षेप पुढेही टिकला. शाळेत चरखा पाहून शेठजींच्या मुलाला श्रमप्रतिष्ठा कळते हे खरे. विणकराच्या मुलाला मात्र घरी नसलेले काहीतरी हवे असते. बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी ही अडचण ओळखली. त्या आदिवासी वस्तीत गेल्या, मुले शाळेत येत नाहीत तर अंगणवाडी त्यांच्या अंगणात नेली. त्यांचे मोठेपण माँटेसरीच्या साहित्याइतकेच या निर्णयात आहे. कारण तिथे रीतीची सुधारणा प्रवेशाच्या प्रश्नाला जोडली गेली.

या संदर्भात डॉ. आंबेडकरांचे उदाहरण विचार करायला लावते. कोलंबिया विद्यापीठात ते जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते. ड्यूईंचा त्यांच्या लोकशाहीविचारावर झालेला परिणाम सर्वमान्य आहे. कृतियुक्त शिक्षणाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या तत्त्ववेत्त्याचा हा शिष्य १९५० साली हैदराबाद राज्यात, औरंगाबादला, संस्था काढतो तेव्हा ती प्रयोगशाळा नसते. ते वसतिगृहाची जोड असलेले महाविद्यालय असते, पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले. ज्याला हजारो वर्षे पुस्तक हाती धरू दिले नाही, त्याला आधी ग्रंथालय, दिवा, जेवण आणि शिक्षक हवा, हा त्यामागचा हिशेब होता. स्वतः ड्यूईंनीही १९३८ साली आपल्या अनुयायांना बजावले होते की जुन्याचा केवळ नकार म्हणजे नवे शिक्षण नव्हे. त्याआधी इटलीत अंतोनिओ ग्राम्शी यांनी तुरुंगातून लिहिताना १९२३ च्या तिथल्या शिक्षणसुधारणेवर टीका केली. व्याकरणाची, चिकाटीची शिस्त शाळेने सोडली तर श्रीमंताच्या मुलाला ती घरी मिळेल आणि कामगाराचे मूल कायमचे मागे राहील, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमेरिकेत १९८८ साली लिसा डेल्पिट यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या बाजूने हेच मांडले. वरच्या वर्गाच्या भाषेचे आणि लेखनाचे नियम ज्यांना घरी मिळत नाहीत त्यांना ते शाळेने उघडपणे शिकवले पाहिजेत. हे तिघेही परंपरेचे भाट नव्हते. तिघांचीही काळजी खालच्या मुलाची होती.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठी बाजूला गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा पट्टा म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात आला. त्याच वर्षी घटनेत ३५०-अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्य मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. मराठी शाळा राहिल्या, पण त्यांच्या मागची साखळी तुटली. दहावीनंतर मराठीतून शिकायचे तर उदगीर, लातूर, सोलापूरकडे पाहायचे. कर्नाटकात राहायचे तर कानडी वा इंग्रजी पक्की हवी. या काळात विषमता किती राहिली हे २०११ च्या जनगणनेवरून दिसते. राज्याची साक्षरता सुमारे ७५ टक्के असताना कलबुर्गीची ६५ च्या आसपास होती, आणि कलबुर्गीतून वेगळा झालेला यादगिरी जिल्हा ५२ टक्क्यांवर होता.

रीतीची क्रांती या जिल्ह्यांत पोहोचली ती नलि-कलि या नावाने. तिचे मूळ आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या प्रयोगात. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या शिक्षकांनी तो पाहिला, कानडी मुलांसाठी कार्डे स्वतः तयार केली आणि युनिसेफच्या साहाय्याने वर्ग उभे केले. २००९-१० पासून राज्यभरच्या सरकारी कानडी शाळांत ती लागू झाली. या वर्गात पहिली ते तिसरीची मुले एकत्र बसतात. भिंतीवर शिडीसारखा तक्ता असतो. प्रत्येक पायरीवर चित्रखूण आणि क्रमांक. मूल आपली पायरी पाहते, त्या खुणेचे कार्ड तबकातून काढते आणि ठरलेल्या गटात जाऊन बसते. एका गटाला शिक्षकाची पूर्ण मदत, दुसऱ्याला थोडी, तिसऱ्याला मित्रांची, आणि शेवटच्या गटातले मूल एकट्याने काम करते. आजारपणात किंवा आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन चार आठवडे गैरहजर राहिलेले मूल परत आले की जिथे थांबले होते त्याच कार्डापासून पुढे जाते. स्थलांतर करणाऱ्या या भागाच्या दृष्टीने ही फार मोलाची सोय आहे, आणि नलि-कलिला नुसता खेळ म्हणून उडवून लावणारे टीकाकार तिच्याकडे दुर्लक्ष करतात.

पण सीमाभागात तिची मर्यादाही उघड झाली. स्वतः वाचून पुढे जाण्याची रीत मुलाला कार्डावरची भाषा येते या गृहीतावर उभी आहे. आळंद तालुक्यातल्या तांड्यावरून आलेल्या मुलाला घरी गोरमाटी येते. कार्डावरचे कानडी शब्द त्याने कधी ऐकलेलेच नसतात. कानडी शाळेत घातलेल्या मराठी घरातल्या मुलाचीही तीच गत. अशा मुलाला पहिले सहा महिने गटात एकट्याने सोडणे म्हणजे त्याला गप्प बसवणे. त्याला शिक्षकाच्या तोंडून भरपूर बोलणे, गोष्टी, गाणी, तालावरची पुनरुक्ती आणि शब्दांचा उघड परिचय हवा. हे परवच्याच्या जवळ जाणारे आहे. दुसरी मर्यादा शिक्षकाची. हेग्गडदेवनकोट्याच्या शिक्षकांनी कार्डे स्वतः घडवली होती, म्हणून त्यांना ती कुठे मोडायची आणि कुठे वाढवायची हे कळत होते. इकडे ती परिपत्रकाने आली, आणि आली तीही रिकाम्या जागा आणि अतिथी शिक्षकांनी भरलेल्या शाळांत. शिक्षकाच्या विचारातून जन्मलेली पद्धत शिक्षकाला न विचारता पसरवली की तिचा आत्मा जातो. कार्डे तेवढी उरतात.

इथे जुन्या बाजूचा सर्वांत सबळ आक्षेप विचारात घ्यायला हवा. लोक म्हणतात, हे सगळे तत्त्वज्ञान सोडा, निकाल पाहा. शेजारच्या लातूरने सराव, चाचण्या आणि शिस्त यांच्या जोरावर दहावी-बारावीच्या निकालांत नाव कमावले. बिदरमध्ये १९८९ साली अब्दुल कदीर यांनी सुरू केलेल्या शाहीन संस्थेने वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत सामान्य घरांतली मुले मोठ्या संख्येने पुढे नेली. उलट सरकारी पुरोगामी शाळांच्या कलबुर्गी जिल्ह्याचा २०२५ चा एसएसएलसीचा (दहावीचा) निकाल सुमारे ४२ टक्के लागून तो राज्यात तळाला गेला. हा आक्षेप अर्धा खरा आहे. शाहीनचे सर्वांत विचार करण्याजोगे काम प्रवेशपरीक्षेच्या पलीकडचे आहे. कुराण मुखोद्गत केलेल्या, पण गणित-विज्ञानाचा गंध नसलेल्या मदरशातल्या मुलांना तिथे वेगळ्या वर्गात बसवून, त्यांच्या पातळीपासून सुरुवात करून शालेय अभ्यासक्रमात आणले जाते. पाठांतराने कमावलेली एकाग्रता हे त्यांचे भांडवल ठरते, आणि मूल जिथे आहे तिथून शिकवायचे हे तत्त्व मात्र पुरोगामी शिक्षणाचे आहे. म्हणजे जुन्या बाजूचे हे उदाहरण प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या मिलाफाचे आहे. निकालांबद्दल सांगायचे तर २०२४ पासून परीक्षाकेंद्रांवर कॅमेऱ्यांची नजर आली आणि राज्यभर टक्केवारी घसरली. आधीचे आकडे किती फुगवलेले होते हे त्यावरून कळते. आणि पहिल्या तीन इयत्तांतल्या रीतीवर दहावीच्या निकालाचा ठपका ठेवणे न्यायाचे नाही. मधल्या सात वर्षांत शिक्षक होता का, हा प्रश्न त्याआधी येतो.

नव्या बाजूचाही एक आक्षेप आहे. पाठांतराची आणि सांगून शिकवण्याची बाजू घेणे म्हणजे भीती, छडी आणि जातीच्या उतरंडीला मागच्या दाराने परत आणणे, असे म्हटले जाते. इतिहासात या गोष्टी एकत्र नांदल्या हे मान्यच आहे. पण एकत्र होत्या म्हणून त्या अविभाज्य होत नाहीत. गुलबर्ग्यात आणि भालकीत जुन्या रीतीनेच मुली आणि बहुजन शिकले. आणि स्पष्ट, क्रमवार शिकवण्याला मारहाणीची गरज नसते, हे 'प्रथम' या संस्थेच्या कामाने दाखवले आहे. मुंबईत आणि बडोद्यात त्यांच्या बालसखींनी मागे पडलेल्या मुलांना वयाने नव्हे तर पातळीने एकत्र करून वाचन आणि गणिताची पायाभूत कौशल्ये शिकवली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत सर्वांत मागच्या मुलांना त्याचा सर्वांत अधिक लाभ झाला. त्या वर्गात सराव होता, पुनरुक्ती होती, आणि आपुलकीही होती.

हा सगळा समन्वय म्हणजे दोन्हीकडून थोडेथोडे घेण्याचा सोयीचा मध्यममार्ग आहे का? नाही. मध्यममार्ग रीतीचेच माप वापरतो. इथे मापच बदलण्याचा आग्रह आहे. कोणत्याही नव्या योजनेला या जिल्ह्यांत तीन प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारले पाहिजेत. वस्तीतले कोणते मूल या वर्गात येऊ शकणार नाही? जे येईल त्याला वर्गाची भाषा पहिल्या दिवशी किती कळेल, आणि कळत नसेल तर ती त्याला कोण, किती तास शिकवणार? आणि ही रीत चालवणारा शिक्षक कायमचा असेल का, तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार त्याला असेल का? यांची उत्तरे मिळाल्यावरच कार्डे की धडा, पाठांतर की प्रकल्प, हा प्रश्न अर्थपूर्ण होतो; आणि तेव्हा तो बऱ्याच अंशी शिक्षकावर सोडता येतो. पाचवी, आठवी आणि नववीला राज्यस्तरीय परीक्षा घ्याव्यात की नाही हा कर्नाटकातला तंटा २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण तो चालला परीक्षेच्या नावावर. तांड्यावरच्या मुलाला ती परीक्षा कोणत्या भाषेत समजणार, याची चर्चा झाली नाही.

कर्नाटकाने २०२३ साली सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र शिक्षणधोरणासाठी आयोग नेमला, आणि घटनेच्या ३७१-जे कलमामुळे या भागाच्या विकासासाठी वेगळे मंडळ आणि निधीही आहे. म्हणजे साधने आहेत. त्यांतून करण्याजोगे काम ठरवता येते. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरच्या भाषेची नोंद व्हावी. गोरमाटी, मराठी, दखनी बोलणाऱ्या स्थानिक तरुणींना पहिल्या दोन इयत्तांसाठी सहशिक्षिका म्हणून नेमावे. मराठी शाळेतली कानडी आणि कानडी शाळेत आलेल्या मराठी मुलाची कानडी, दोन्ही परक्या भाषा म्हणून, तालात आणि क्रमाने शिकवाव्यात. रिकाम्या जागा कायमच्या शिक्षकांनी भराव्यात आणि नलि-कलिची कार्डे त्यांनी तालुकावार पुन्हा लिहावीत. नूतन विद्यालय, हिप्परगा आणि भालकी इथल्या संस्थापकांनी परवानगी आणि पैसा दोन्ही नसताना आधी दाराचा आणि भाषेचा प्रश्न हाती घेतला होता. आज परवानगीही आहे आणि पैसाही आहे. तेव्हा त्यांचा क्रम उलटा करण्याचे कोणतेही कारण उरलेले नाही.